माळ, रवा आणि संगणकाचा कोश

कोश हा शब्द ऐकला की कला शाखेच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर ग्रंथालयातील एक विशिष्ट कपाट उभे राहते. त्यात मोल्सवर्थचा कोश असतो, य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत सिद्ध केलेला 'महाराष्ट्र शब्दकोश' असतो आणि संस्कृत घेतलेल्यांसाठी अमरकोशाची एखादी जीर्ण प्रत असते. संगणकशास्त्राचा विद्यार्थीही 'डिक्शनरी' हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारतो. परंतु त्याच्या मनात हे कपाट नसते. गेल्या वर्षी आमच्या मराठी विभागातील आम्ही सात विद्यार्थ्यांनी गुऱ्हाळावरील शब्दांचा संग्रह संगणकावर करावयास घेतला, तेव्हा या दोन्ही डिक्शनऱ्यांशी माझा एकाच वेळी संबंध आला, आणि त्या एकमेकींच्या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी खासच आहेत, असे माझे मत झाले. त्या कामात जो एक प्रश्न आम्हांला सारखा अडवीत राहिला त्याविषयी येथे लिहीत आहे. एकाच कोशात निरनिराळ्या प्रकारची मूल्ये कशी ठेवावीत, हा तो प्रश्न. विज्ञान शाखेच्या मित्रांना यातील बरेचसे ठाऊक असेल. त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून दिले तरी माझी तक्रार नाही.

संगणकाची डिक्शनरी म्हणजे काय? राजर्षी शाहू महाराजांनी वसविलेल्या शाहूपुरी पेठेतील एखाद्या जुन्या अडत दुकानाची खतावणी डोळ्यांसमोर आणावी. रोजकीर्दीत व्यवहार घडतील त्या क्रमाने लिहिले जातात. खतावणीत प्रत्येक खातेदाराच्या नावाने स्वतंत्र पान असते. नाव सांगितले की मुनीम नेमके ते पान उघडतो, साऱ्या वह्या चाळीत बसत नाही. प्रोग्रॅममधील डिक्शनरीचे काम हेच. नावाला तेथे 'की', म्हणजे किल्ली म्हणतात आणि पानावर जे असेल त्याला मूल्य. किल्ली दिली की मूल्य हाती येते. एका किल्लीला एकच मूल्य, हा नियम. किल्लीच्या अक्षरांवरून एक गणित करून संगणक मूल्याची जागा ठरवितो, म्हणून लाखभर नोंदींतूनही हवी ती नोंद निमिषात सापडते.

आता 'जेनेरिक' या विशेषणाविषयी. सी शार्प ही भाषा २००२ मध्ये आली तेव्हा तिच्यातील 'हॅशटेबल' नावाच्या कोशात कोणतीही वस्तू टाकता येत असे. सोय मोठी, परंतु आपण काय टाकले होते हे कोश सांगत नसे. जावाची स्थितीही तीच होती. पुढे जावामध्ये २००४ मध्ये आणि सी शार्पमध्ये २००५ मध्ये जेनेरिक कोश आले. कोश बनवितानाच त्यास सांगावयाचे, की तुझ्या किल्ल्या अमुक प्रकारच्या आणि मूल्ये तमुक प्रकारची. मूल्ये पूर्णांक आहेत असे सांगितले असेल आणि आपण त्यात एखादे वाक्य कोंबू लागलो, तर प्रोग्रॅम चालू होण्यापूर्वीच कंपायलर हात धरतो. शिस्त उत्तम. अडचण एवढीच, की जगातील बहुतेक नोंदी एकाच प्रकारच्या मूल्यांनी भरलेल्या नसतात.

आमचेच उदाहरण घ्या. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतील गुऱ्हाळांवर जाऊन आम्ही शब्द टिपले. काहील, चुलवण, मळी, काकवी, चिपाड, गुळव्या, रवा, ढेप असे ते शब्द. ज्यांच्या तोंडी हे शब्द रोज होते ती माणसे आज वृद्ध आहेत, आणि गुऱ्हाळांची संख्या घटत चालल्याने नवी माणसे त्या कामाकडे फारशी येत नाहीत; हा संग्रह आताच नीट झाला नाही तर पुढे करणे कठीण, याची आम्हांला जाणीव होती. प्रत्येक शब्दासाठी एक नोंद ठरली. तिच्यात शब्दाचा अर्थ, लिंग, सांगणाऱ्याचे गाव, त्याचे वय, नोंदीची तारीख, वस्तू असेल तर तिचे माप, उच्चाराचे ध्वनिमुद्रण आणि संबंधित शब्दांची यादी असावी असे योजले होते. 'काहील' या एका शब्दाच्या पानावर मजकूर आहे, संख्या आहे, तारीख आहे, माप आहे, आवाज आहे आणि यादीही आहे. एकप्रकारी कोशात हे सारे मावावयाचे कसे?

'प्रकार' म्हणजे तरी काय, हे मला संगणकाच्या पुस्तकापेक्षा आपल्या व्याकरणातून अधिक चांगले कळले. 'माळ' हा शब्द पाहा. शब्दकोशात त्याच्या अर्थाआधी एक छोटी खूण येते; कधी पु., तर कधी स्त्री. पुल्लिंगी माळ म्हणजे उंचवट्यावरील ओसाड, सपाट जमीन. स्त्रीलिंगी माळ म्हणजे फुलांची वा मण्यांची सर. खूण केवळ शोभेसाठी नसते. तिच्यावरून पुढील व्याकरण ठरते. पुल्लिंगी शब्दाचे सामान्यरूप 'माळा' होते आणि आपण 'माळावर गुरे चरतात' म्हणतो. स्त्रीलिंगी शब्दाचे सामान्यरूप 'माळे' होते आणि आपण 'माळेत फूल ओवले' म्हणतो. खूण पुसून टाकली तर अक्षरे तीच राहतील, परंतु त्या शब्दाला कोणता प्रत्यय कसा लावावा हे परक्या वाचकाला कळणार नाही. संगणकातील मूल्याचा प्रकार हेच सांगतो. या मूल्याची बेरीज करता येईल काय? दोन मूल्यांत आधीचे कोणते हे ठरविता येईल काय? त्याचे तुकडे पाडता येतील काय? अमरकोशाचे मूळ नाव 'नामलिंगानुशासन' आहे. नाम देताना त्याचे लिंगही दिलेच पाहिजे, एवढी जाण त्या कोशकाराला होती. हे वाचून मी आमच्या संस्कृतच्या मॅडमना, "मॅडम, अमरसिंह हा पहिला टाइप-सेफ प्रोग्रॅमर होता," असे म्हटले. त्या हसल्या, पण त्यांना ते फारसे पटले नसावे.

अनेक प्रकारची मूल्ये एका कोशात ठेवण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे सारे काही मजकूर म्हणून लिहून टाकणे. वय लिहा "७२", तारीख लिहा "३/४", माप लिहा "३०". कोश एकप्रकारी झाला आणि कंपायलरही खूश. पहिल्या दहा नोंदींपर्यंत सारे सुरळीत चालते. मग वयानुसार क्रम लावावयास सांगितले, की "१००" हे "७२" च्या आधी येऊन बसते, कारण अक्षरांच्या दृष्टीने एक हा सातच्या आधी. तारखेचे हाल याहून वाईट. "३/४" म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल आणि अमेरिकन पद्धतीने ४ मार्च. मजकूर दोन्ही अर्थ निमूटपणे धारण करतो.

मराठी माणसाला येथे आणखी एक गंमत आढळते, जी इंग्रजी पुस्तकांत कोणी फारशी लिहीत नाही. आम्ही वये देवनागरी अंकांत टिपली होती. पायथनला "७२" हा मजकूर देऊन याची संख्या कर म्हटले, तर ती भाषा बिनतक्रार बहात्तर करून देते. जावासुद्धा देते. सी शार्प मात्र हे अंक संख्या म्हणून ओळखतच नाही आणि चूक दाखवून थांबते. जावास्क्रिप्ट 'ही संख्या नव्हे' असे उत्तर देते. एकच वही चार भाषांतील चार प्रोग्रॅमांना वाचावयास दिली तर दोघांना त्यात वय दिसेल आणि दोघांना नुसती चित्रे. मूल्याचा प्रकार वहीत नोंदलेला नसला, की तो वाचणाऱ्याच्या मर्जीवर राहतो, तो असा.

दुसरी वाट अनुभवी प्रोग्रॅमर घेतात. सी शार्पमध्ये प्रत्येक प्रकाराचा मूळ पुरुष म्हणावा असा 'ऑब्जेक्ट' नावाचा प्रकार आहे. कोश बनविताना किल्ली 'स्ट्रिंग' आणि मूल्य 'ऑब्जेक्ट' असे सांगावयाचे, की त्यात संख्या, तारीख, यादी, जे हवे ते घालता येते. संख्या घातली तर ती एका पेटीत बंद होऊन आत जाते. या क्रियेला 'बॉक्सिंग' हेच नाव आहे. येथे मूल्य आपला प्रकार विसरत नाही, हा मजकुराच्या वाटेपेक्षा मोठा लाभ. आत बहात्तर हा पूर्णांक आहे हे पेटीला माहीत असते. कंपायलरला मात्र केवळ पेटी दिसते. तेव्हा बाहेर काढताना "हा पूर्णांक आहे" असे आपण छातीठोकपणे सांगावे लागते, आणि ते खरे नसले तर प्रोग्रॅम चालू असताना, बहुधा कोणीतरी पाहुणे काम पाहावयास आलेले असताना, कोसळतो.

याचा काटेकोरपणा किती, याचे एक उदाहरण मला फार आवडते. सी शार्पमध्ये लहान पूर्णांक 'इंट' आणि मोठा पूर्णांक 'लाँग' असे दोन प्रकार आहेत. एरवी 'इंट' हा 'लाँग'च्या जागी सहज चालतो. लहान माप मोठ्या भांड्यात मावणारच. परंतु 'इंट' म्हणून पेटीत ठेवलेले बहात्तर 'लाँग' म्हणून थेट काढावयास गेलो, तर पेटी उघडत नाही. आत काय ठेवले होते ते नेमके त्याच नावाने सांगा, असा तिचा आग्रह. नवख्याला हा आडमुठेपणा वाटतो. मला तो प्रामाणिकपणा वाटला. निदान चूक झाली हे त्याच क्षणी कळते.

कारण खरा घात चूक न कळण्यात आहे. येथे एक घरचा अनुभव सांगतो. माझे चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, यांची दीड एकर उसाची जमीन आहे. आपल्याकडे ती बोलताना 'एक एकर वीस गुंठे' आणि लिहिताना १-२० किंवा १.२० अशी लिहितात, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. चाळीस गुंठ्यांचा एकर, तेव्हा वीस गुंठे म्हणजे अर्धा. पीककर्जासाठी एके ठिकाणी त्यांचे क्षेत्र संगणकात भरले गेले १.२० आणि प्रोग्रॅमने त्याचा अर्थ घेतला एक पूर्णांक दोन दशांश. म्हणजे एक एकर आठ गुंठे. बारा गुंठे कागदावरच नाहीसे झाले आणि एकरी दराने मिळावयाच्या रकमेत तेवढी तूट आली. आप्पा हिशेब घेऊन गेले, तर "संगणकातनं आलंय, चुकायचं नाही," हे उत्तर. प्रकरण निस्तरेपर्यंत लावणीचा हंगाम सरत आला आणि मधला खर्च पाहुण्यांकडून उसने घेऊन भागवावा लागला. मला नवल याचे वाटते, की यात कोणी लबाडी केली नव्हती. कागद लिहिणाऱ्याला १.२० चा अर्थ माहीत होता आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला गणित माहीत होते. दोघांच्या मध्ये जे मूल्य गेले, त्याच्या अंगावर 'एकर-गुंठे' ही खूण नव्हती.

गोंधळ वाढण्याचे आणखी एक कारण आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि शंभर आरांचा हेक्टर होतो. त्यामुळे १ हेक्टर २० आर हे १.२० असे लिहिले तर ते दशांश अपूर्णांक म्हणूनही अगदी बरोबर ठरते. तेच अंक, तोच टिंब. हेक्टरमध्ये ते जवळजवळ तीन एकर होतात, एकर-गुंठ्यांत दीड एकर, आणि दशांश एकर मानले तर त्याहूनही कमी. एकर-गुंठ्यांत १.२० आणि १.२० यांची बेरीज ३.०० यावयास हवी. साध्या संख्यांची बेरीज २.४० येते, आणि गंमत अशी, की 'दोन एकर चाळीस गुंठे' म्हणून ती वाचणारालाही क्षणभर खरी वाटते.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीही हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून सुरू झाली. त्यापूर्वीच्या जमाखर्चाच्या वह्या कोणी संगणकात भरू लागला आणि पाच रुपये बारा आणे यांसाठी ५.१२ लिहून गेला, तर रुपयामागे सोळा आणे हे संगणकाला कोण सांगणार? ते पावणेसहा रुपये आहेत. आपल्या जुन्या लेखनपद्धतीत सव्वासाठी १। आणि दीडसाठी १॥ अशा उभ्या रेघा होत्या, त्या या बाबतीत टिंबापेक्षा शहाण्या होत्या असे मला वाटते. १॥ एकर ही नोंद एक पूर्णांक दोन दशांश म्हणून वाचणे कोणालाही शक्य नव्हते. मोठ्या देशांतील मोठ्या माणसांनाही ही ठेच लागली आहे. अमेरिकेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ नष्ट झाले, त्याचे कारण एका प्रोग्रॅमने आकडे ब्रिटिश परिमाणात दिले आणि दुसऱ्याने ते मेट्रिक समजून वापरले. आप्पांच्या बारा गुंठ्यांची आणि त्या यानाची जातकुळी एकच.

याच्या उलट, संगणक आपण होऊन प्रकार ठरवू लागला तरी पंचाईत होते. गट क्रमांक १२/३ हा तक्त्याच्या प्रोग्रॅममध्ये टाइप केला, की त्याचा १२ मार्च होतो. मानवी जनुकांच्या काही नावांचे असेच वारंवार तारखांत रूपांतर होऊ लागले, तेव्हा २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. प्रोग्रॅम बदलण्यापेक्षा माणसाचे जनुक बदलणे सोपे पडले, असे कोणी म्हटले तर त्यास काय उत्तर द्यावे! आपले गट क्रमांक बदलण्याची वेळ न यावी, एवढीच इच्छा.

तर मग उपाय काय? आम्ही तीन रचना तपासल्या. पहिली म्हणजे मूल्य कधी एकटे ठेवू नये, त्याच्यासोबत त्याची खूण ठेवावी, शब्दकोशातील पु. आणि स्त्री. प्रमाणेच. निक्लाउस विर्थ यांच्या १९७० च्या पास्कल भाषेत अशी खूणधारी नोंद करता येत असे, आणि रस्टसारख्या आजच्या भाषांत तर ही कल्पना मध्यवर्ती आहे. त्यांत प्रकारांची यादी आधीच जाहीर करावी लागते. मूल्य वापरताना 'मजकूर असेल तर हे, संख्या असेल तर ते' असे प्रत्येक प्रकारासाठी लिहावे लागते, आणि एखादा प्रकार विसरला तर कंपायलर आठवण करून देतो. 'ऑब्जेक्ट'च्या पेटीत जगातील काहीही असू शकते. येथे पाचांपैकी एकच असू शकते, आणि पाचही तुमच्या परिचयाचे असतात.

दुसरी रचना अधिक चतुर आहे. खूण मूल्यावर न लावता किल्लीवरच लावावयाची. 'वय' ही किल्ली बनवितानाच सांगावयाचे, की हिच्यातून पूर्णांकच निघेल. 'तारीख' या किल्लीतून तारीखच. आत सारी सरमिसळ असली तरी दारावर किल्ली पाहून आत सोडतात, त्यामुळे चुकीचे मूल्य मुळात शिरतच नाही. जोशुआ ब्लॉक यांनी 'इफेक्टिव्ह जावा' या पुस्तकाच्या २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हिचा एक नमुना 'टाइपसेफ हेटरोजीनियस कंटेनर' या भारदस्त नावाने मांडला आहे. त्यांच्या उदाहरणात तर प्रकार हीच किल्ली आहे.

तिसरी रचना ऐकून हसू येईल, कारण तीत कोशच नाही. नोंदीत कोणकोणती घरे असणार हे आधीच पक्के माहीत असेल, तर कोशाचा सोस कशाला? छापील नमुना बनवावा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांत प्रत्येक रकान्याचा अर्थ ठरलेला आहे. तलाठी ऐनवेळी नवा रकाना काढीत नाही. प्रोग्रॅममध्ये यालाच 'क्लास' किंवा 'रेकॉर्ड' म्हणतात. माझे स्पष्ट मत असे, की अनेकप्रकारी कोशाचे अर्ध्याहून अधिक प्रश्न हे मुळात नमुना बनविण्याचा आळस केल्यामुळे उद्भवतात.

सगळे प्रश्न मात्र तसे नाहीत. आमच्या गटातील एक मित्र पायथनचा भोक्ता. त्याचे म्हणणे असे, की पायथनचा कोश मुळातच कशालाही नाही म्हणत नाही. क्षेत्रकार्यास जाताना हातात साचे घेऊन गेलात तर साच्यात बसेल तेवढेच ऐकाल. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. पहिल्याच गुऱ्हाळावर आम्ही एका आजोबांना वय विचारले. "सत्तरीच्या म्होरं असंल बघा," ते म्हणाले. वयाच्या घरात पूर्णांकच हवा असा हट्ट धरला असता, तर नोंद करणाऱ्याने अंदाजाने ७१ किंवा ७५ लिहिले असते आणि तो अंदाज कायमचा खरा होऊन बसला असता. आणखी एकाने रव्याचे वजन किलोत सांगितले, दुसऱ्याने मणात. 'रवा' म्हणजे गुळाचा साच्यातून निघालेला गोळा, हे शहरी वाचकासाठी सांगतो. उपम्याचा रवा तो निराळा.

शेवटी वाट सापडली ती पुन्हा पेढीवरच. व्यापारी कच्ची वही आणि पक्की वही अशा दोन वह्या ठेवतो. कच्च्या वहीत जे जसे घडले तसे लिहावयाचे, तेथे खाडाखोडही चालते. पक्क्या वहीत चढविताना मात्र प्रत्येक नोंद तपासली जाते, आणि एकदा चढली की ती विश्वासाने वापरता येते. आम्ही गुऱ्हाळावरून येताना सारे कच्च्या कोशात आणीत असू. तेथे किल्लीही मुक्त आणि मूल्यही मुक्त, ऐकलेला शब्द जसाच्या तसा. मग विभागात बसून प्रत्येक नोंद पक्क्या नमुन्यात चढवावयाची. वयाला संख्या मिळाली तर संख्या. नाही तर 'अंदाज' या खुणेसह किमान आकडा आणि सोबत आजोबांचे मूळ शब्द. वजन कधीच नुसते ३० लिहावयाचे नाही. आकडा आणि परिमाण मिळून एकच मूल्य, आणि त्यांची बेरीज कशी करावयाची हे त्या प्रकारातच लिहिलेले. जमिनीच्या क्षेत्रासाठी एकर आणि गुंठे हे दोन वेगळे पूर्णांक ठेवले आणि गुंठ्यांचे घर ३९ च्या पुढचा आकडा स्वीकारीत नाही, अशी व्यवस्था केली. हे घर मी स्वतः मागून घेऊन लिहिले.

सीमेवरच्या या तपासणीला दुसरेही एक कारण होते. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात माहिती पाठविण्यासाठी आज बहुधा 'जेसन' नावाची लेखनपद्धती वापरतात. तिला मजकूर, संख्या, खरे-खोटे, रिक्त, यादी आणि कोश एवढेच प्रकार ठाऊक आहेत. तारीख हा प्रकार तिच्यात नाहीच. म्हणजे आपण घरात कितीही काळजी घेतली तरी उंबरठा ओलांडताना तारखेचा मजकूर होतो आणि पलीकडच्या माणसाने तिला पुन्हा तारीख करावे लागते. यावर आम्ही एवढेच केले, की तारखा नेहमी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावयाच्या. मजकूर म्हणून लावल्या तरी त्यांचा क्रम बरोबर लागतो.

'माहीत नाही' याला स्वतंत्र खूण ठेवण्यावरून गटात बराच वाद झाला. वय माहीत नसेल तर शून्य लिहावे, असे एकाचे मत होते. तसे केले असते तर सरासरी वय काढताना गुळव्यांच्या यादीत चार तान्ही बाळे आली असती. मोकळी जागा ठेवली तर विचारावयाचे राहिले, की विचारले पण सांगितले नाही, हे कळत नाही. आणि भाषेच्या अभ्यासकाला त्या दोहोंत मोठा फरक आहे. म्हणून 'विचारले नाही' आणि 'सांगता आले नाही' अशा दोन खुणा ठेवल्या.

एक घर मात्र आमच्या साऱ्या व्यवस्थेला पुरून उरले. रस आटून गूळ होण्याची घटका कोणती, यासाठी आम्ही 'तापमान' नावाचे संख्येचे घर केले होते. पुस्तकांत ते ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास दिलेले असते. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका वयस्कर गुळव्याला आम्ही ते विचारले. त्याने काहिलीतला थोडा पाक थंड पाण्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी वळली, ती आमच्यापुढे धरली आणि म्हणाला, "बोटाला कळतंय की. आकडा काय करायचाय?" त्या दिवशीच्या कच्च्या कोशात हे वाक्य तसेच आहे. पक्क्या नमुन्यात चढविताना 'तापमान' हे घर काढून टाकले आणि त्या जागी 'परीक्षा' असे घर केले. प्रकार मजकूर, सोबत त्या गोळीचे छायाचित्र आणि गुळव्याच्या आवाजातील अकरा सेकंदांचे मुद्रण. गोळीला तो 'गोळीबंद' म्हणाला की नुसते 'गोळी', यावर आमचे अद्याप एकमत झालेले नाही. ते मुद्रण विभागाच्या संगणकावर आहे. कोणास ऐकावयाचे असल्यास दुपारच्या तासिकेनंतर यावे.